गुडघ्यांची रांग

माझ्यावर घरात कुणाचा विश्वासच नव्हता हो! छातीत धडधडायचं, झोप म्हणून लागायची नाही, तर मालक म्हणाले, "नाटकं हायती. कामाला लाग." शेवटी घरोघरी औषधं वाटणारी गावची आशाताई कानात म्हणाली, "मावशी, भोरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातनं एकदा मनाचा डॉक्टर येतो. गोळ्याबी फुकट."

गेले एसटीनं. केसपेपरच्या रांगेत सगळी आमच्याच गावची माणसं. खिडकीवरची बाई विचारायची, "काय होतंय?" की एकजात उत्तर, "गुडघा." ती एकेकाला हाडाच्या डॉक्टरकडं धाडायची. मनाचा डॉक्टर समोरच्या खोलीत एकटाच माश्या मारतोय!

पुढची शेवंता कुजबुजली, "मनाचं सांगितलं तर गाव येडी म्हणंल. गुडघा सांगायचा आन हळूच तिकडं सरकायचं."

"मग सरक की!"

"लाज वाटती."

मी वरडलेच, "माझं गुडघं ठणठणीत हायती! मन दुखतंय! फुकटचा डॉक्टर बसलाय, तो काय संध्याकाळी घरी येणार हाय का?"

एक हसली, दुसरी हसली, आणि अख्खी रांग त्या खोलीत घुसली.

डॉक्टर हसून बेजार. "अहो, हे गुडघ्याचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

सगळ्यांची बोटं दाराबाहेरच्या बाकाच्या कोपऱ्याकडं. तिथं टोपी नाकापर्यंत ओढून, गुडघा धरून आमचेच मालक!

मी विचारलं, "कवापास्नं येताय?"

"तुला म्हनलो ना नाटकं, त्याच्याबी आधीपास्नं."

लग्नापासून मालकाचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं घेतलं, "दत्तोबा!"