चंदनसारला जाते म्हणाली

हंसा : मंग पायातली जोडवी कुठं गेली? खरं सांग, तेजस्वी.

तेजस्वी : काढून ठेवलीत, आई. पाय सुजलेत, बोटांत रुतत होती.

हंसा : चिराग पोटात होता तवा माझेबी पाय सुजलेले. भात लावत होते मी. आनि मंगळवारी काय म्हनालीस? चंदनसारला, माहेरी जाते. सुरज सांगत होता, त्याच्या रिक्षातून तू दवाखान्याच्या दारात उतरलीस.

तेजस्वी : तपासणी होती. आठवा लागलाय ना.

हंसा : मंग चोरून का?

तेजस्वी : तुम्ही म्हणाला असता, एवढ्यात तर जाऊन आलीस.

हंसा : काय म्हनाली डॉक्टरीन?

तेजस्वी : बीपी वाढलंय. लघवीत प्रोटीन आलंय. गोळ्या दिल्यात. डोकं खूप दुखलं, अंधुक दिसलं, तर थांबू नका, सरळ या म्हणाल्या.

हंसा : झालं! सिझर करायचं असलं की अशीच भीती घालतात. आनि यात तुझ्या आईचा हात असनार. बाळंतपन तिकडं, आमी फक्त बारशाला जायचं.

तेजस्वी : माझ्या आईला अजून काही सांगितलंच नाहीये.

हंसा : कपाळ काय दाबतेस? आता म्हनशील, दुखतंय.

तेजस्वी : सकाळपासून दुखतंय. नाटक म्हणाल म्हणून बोलले नाही. जाऊ द्या, चहा घ्या.

हंसा : अगं, कुठं ओततेस? सगळा ओट्यावर सांडला!

तेजस्वी : दोन कप दिसतायत मला.

हंसा : एकच हाय गं. ठेव ते पातेलं. बस खाली! आनखी काय होतंय? लपवू नको.

तेजस्वी : इथं, बरगडीखाली दुखतंय. मळमळतंय.

हंसा : टेक माझ्या अंगावर. हॅलो, सुरज? रिक्षा दारात आन. आत्ता!

(दुसऱ्या दिवशी, रुग्णालयात.)

तेजस्वी : आई... बाळ?

हंसा : मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. एवढीशी हाय, पन रडते जोरात. वाटेत तुला फिटचा झटका आला. मंग सिझर केलं.

तेजस्वी : चिराग पोचला होता?

हंसा : तो अंधेरीला, कामावर व्हता. सही मी केली.

तेजस्वी : तुम्ही?

हंसा : डॉक्टरनीला तोंडावर विचारलं, खोटं तर नाय ना सांगत? ती रागावली नाय. तरी मी बाहेर बसून दारातून नजर ठेवली तिच्यावर. रातभर तुझ्या खाटेपासून हलली नाय गं ती.