धामनोदला जमलेलं मीठ

अगं, देवासला पीएचडी करताना मी असं एक मीठ बनवलं होतं, जे पाण्याशिवायच पातळ राहायचं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी नुसतं मधासारखं घट्ट व्हायचं. स्फटिक मिळाले तरच त्याची रचना कळणार होती, पण वर्षभरात एकही मिळाला नाही. शेवटी पीएचडी सोडून कुक्षीच्या शाळेत नोकरी धरायला निघाले. आठवण म्हणून त्या मिठाची कुपी पर्समध्ये घेतली. धामनोदला बसनं करकचून ब्रेक मारला आणि पर्स खाली आपटली. शेजारच्या काकूंनी कुपी उचलून दिली आणि हळहळल्या, “बेटा, तुम्हारा तो तेल जम गया!”

बघते तर आत स्फटिकांच्या पांढऱ्या सुयाच सुया! त्या एका धक्क्यानं काम केलं होतं. मी काकूंना मिठीच मारली, धामनोदलाच उतरले आणि देवासची बस धरली.