भिंगरीचं घोरणं

आजीबाई कान साफ करून घ्यायला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. एक कान बंद होता, पण समोरच्या बाकावरच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकायला दुसरा पुरेसा होता. सुनेची शाळकरी मुलगी खुर्च्यांखालून रांगत होती.

“खोडकरपणाला नाकाचा डॉक्टर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“आई, ती वर्गात मिनिटभर बसत नाही. असंच चाललं तर दुसरी शाळा बघा म्हणाल्यात बाई.”

“म्हणून नाक तपासायचं?”

“मुलांच्या डॉक्टरांनीच पाठवलंय. कान, नाक, झोप आधी बघा म्हणाले. झोप झाली नाही की मोठी माणसं पेंगतात, मुलं मात्र उड्या मारतात.”

“झोपते की मस्त! काय घोरते, अगदी आजोबांवर गेलीय.”

“तोंड उघडं टाकून?”

“हो तर. मध्येच श्वास अडकतो, मग मी हलवते. की लागली पुन्हा घोरायला.”

“श्वास अडकतो? रोज?”

“रोजच. आजोबांनाही मीच हलवायचे.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीत?”

“त्यात सांगायचं काय? तू दिवसभर दमतेस. म्हणून तर तिला माझ्याजवळ निजवते.”

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

“जा तुम्ही दोघी. मी पिशव्या सांभाळते.”

“पिशव्या राहू द्या, आई. आत तुम्हीच चला. रात्रभर जागं कोण असतं?”

सासूबाई ताठ उठल्या.

“चल गं भिंगरी, नीघ खुर्चीखालून. आणि आजोबांवर गेलीस म्हणून मिरवायचं नाही हं आता.”