जानूबुडी

भूसंपादन कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे घणसोलीची एक आजी होती आणि इतिहासाची वही घेतलेली तिची नात.

"थर्मोपिली म्हंजे गरम दरवाजे. ग्रीसमधली खिंड. तिथं गरम पान्याचे झरे हायत."

"बघून आलीस?"

"उद्या परीक्षा हाय, आजी. मेसोपोटेमिया म्हंजे नद्यांच्या मधला देश. हे नावबी ग्रीकांचंच."

"आनि आपल्या खाडीकडच्या शेताचं नाव?"

"बत्तीस नंबर."

"थोबाड फोडीन! जानूबुडी हाय ती. बांध फुटला तवा माझा सासरा जानू भरतीत उतरला, तो वर आलाच नाय. परक्यांचे झरे पाठ, आनि पनजा ठावा नाय!"

"मला कुनी सांगितलंच नाय."

"चला, पुढे कोण? आजी, खिडकीशी या, इथे अंगठा उठवा."

"जमीन कंची लिवली, साहेब?"

"क्रमांक बत्तीस."

"जानूबुडी लिवा."

"नावाला रकाना नाही."

"मंग अंगठापन नाय."

"मागे रांग आहे! पोरी, हिला समजाव."

"पेन द्या, साहेब. समासात मी लिहिते."

"सरकारी कागद आहे, शाळेची वही नाही!"

"मग वहीचंच पान फाडते. त्यावर नाव लिहिते, ते कागदाला टाचा. अंगठा त्याच्यानंतर."