भाऊजींचं न दिसणारं बोलणं

...आणि वर मलाच म्हणते, "तू शेजारी बसला होतास ना, मग मला अडवलं का नाहीस?" आता तुम्हीच सांगा, हातात कात्री असलेल्या बाईला आजवर कुणी अडवलंय? म्हणजे त्या दिवशी तिच्या हातात माउस होता, पण आमच्या ताईच्या हातात काहीही द्या, त्याची कात्री होते! ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. बावीस वर्षं शिवणयंत्रावर बसलीय. स्वतःचं दुकान आहे, एवढंसं, मशीन खिडकीपाशी, कापडांचे गठ्ठे पार छतापर्यंत. आणि तिचे यजमान, आमचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करतात. सज्जन माणूस. देवमाणूस! पण बोलणं? अहो, लग्नात मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, ताईला सांभाळा," तर म्हणाले, "बरं." मी वाट बघतोय, पुढचा शब्द येईल, पुढचा शब्द येईल... माझी मुलगी कॉलेजात गेली, मी अजून वाट बघतोय!

तर ह्या माणसाने चार महिने सुट्टीच्या सकाळी पुस्तक घेऊन बसून, कुणाला न सांगता, ताईच्या दुकानाचं पान केलं. इंटरनेटवरचं पान! ताईला बोलावलं, पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे." झालं उद्घाटन!

आणि त्या पानावर दुकानाची वेळ काय लिहावी? दहा ते सहा! ताई भडकली. "अहो, मी आठपर्यंत बसते, हे सहा कुठनं काढलंत?" "असू दे." "लोक वाचतील आणि परत जातील!" "जाऊ दे." घ्या! तीन दिवस अबोला. आता त्या घरात अबोला धरलाय हे कळायचं तरी कसं? पण ताईला कळत होतं.

त्यात समोरच तयार कपड्यांचं दुकान निघालेलं. ताईचं मशीन अर्धा दिवस गप्प. ती मला एकदा हळूच म्हणाली होती, "हे वर्ष बघते, नाहीतर दुकान बंद करून कारखान्यात जाईन बटणं लावायला." आणि तेवढ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन! अख्ख्या शाळेचे गणवेश! म्हणाल्या, "मंगळवारी तीन वाजता आमची समिती तिघा शिंप्यांची पानं बघणार आहे. मग ठरवू."

मंगळवारी एक वाजता ताईचा मला फोन. "आत्ताच्या आत्ता ये! ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेत, फोन लागत नाही. तीनच्या आत त्या सहाचं आठ झालं पाहिजे!" मी कुरिअरच्या कचेरीत काम करतो हो, मला काय कळतंय त्यातलं? पण गेलो. कॉम्प्युटरला भाऊजींनी चिठ्ठी चिकटवलेली. "फाईल उघडा. बदला. सेव्ह करा. वर पाठवा." चिठ्ठीतसुद्धा काटकसर!

उघडली फाईल. तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं आत काय काय असेल, चक्रं फिरत असतील, तारा असतील, निदान काहीतरी लुकलुकत असेल... आणि आत काय? नुसती अक्षरं! नुसती अक्षरं हो! एखाद्या चिठ्ठीसारखी वरून खाली लिहिलेली. मी म्हटलं, "ताई, चुकीचं उघडलं बहुतेक." पण ताई पुढे सरकली. तिची सवय आहे, कुठलाही कपडा हातात आला की ती आधी उलटा करते. सरळ बाजूला काय, कुणीही नटवतं, शिंपी कळतो तो उलट बाजूला! तिने चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागली. "हे बघ. टोकदार कंसात इंग्रजी बी. मग 'गणवेश शिवून मिळतील'. मग परत कंस, तिरकी रेघ, बी. म्हणजे ठळक अक्षर इथे सुरू, तिथे बंद. टीप घातली, टीप पक्की केली." मी बघतच राहिलो! "आणि पक्की केली नाही तर?" "तर पुढचं सगळंच ठळक होत जाईल की रे, वेड्या!"

मग म्हणाली, "माझा फोटो कुठाय?" शोधला, तर फोटो त्यात नाहीच! फक्त फोटोचं नाव लिहिलेलं, की ह्या नावाचा फोटो आणा आणि इथे लावा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या कचेरीतला एकजण सांगत होता तेव्हा मी जांभया देत होतो, ते सगळं धाडकन कळलं. मी म्हटलं, "अगं, पान तयार नसतंच मुळी! लांब कुठेतरी एका मशीनवर ही एवढी अक्षरं पडून असतात. कुणी फोनवर पत्ता टाकला की त्यांची नक्कल त्याच्याकडे जाते, आणि पान तयार होतं ते तिथे, त्याच्या फोनमध्ये! शंभर जणांनी बघितलं तर शंभरदा!" ताईचा हात थांबला. "शंभरदा? डोळ्याचं पातं लवायच्या आत? आणि उसवत नाही?" "नाही." "आणि आत नुसती अक्षरं?" "नुसती अक्षरं!" देवळात उभी राहावी तशी बसली होती हो ती, कडेला कापडाच्या चिंध्या, मांडीवर टेप...

मग सहाचं आठ केलं. तिथे थांबायचं ना? पण शिंपीण! पडद्याच्या अगदी तळाशी एक टोकदार कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा, एवढंच दिसत होतं. म्हणाली, "सगळ्या कंसांत काही ना काही आहे, ह्याच्यात काहीच नाही. सुटा दोरा राहिलाय बघ." मी "अगं, थां..." म्हणेपर्यंत कच्चकन कापला! सेव्ह केलं, वर पाठवलं, फाईल बंद.

मी खात्री करायला माझ्या फोनवर पान उघडलं. दुकानाचं नाव, ठीक. ताईचा फोटो, ठीक. वेळ दहा ते आठ, झकास. आणि त्याच्या खाली... त्याच्या खाली हे काय? ताईने फोन हिसकावला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"हे पान पुढे जो दुरुस्त करील त्याच्यासाठी सूचना. वेळ सहाच ठेवावी. ती आठपर्यंत बसते. सहानंतर तिचे डोळे चुरचुरतात, सुई ओवायला खिडकीशी जाते. मला दिसत नाही असं तिला वाटतं. तिचा फोटो लहान करू नये, ती म्हणाली तरी करू नये. मी लिफ्ट दुरुस्त करतो, ती परत बिघडते. तिने शिवलेल्या माझ्या सदऱ्याला अकरा वर्षं झाली, एक टाका निघालेला नाही. हे तिला सांगायचं राहून गेलं. बोलायला जमत नाही म्हणून इथे लिहितो. इथलं कुणाला दिसत नाही."

आणि शेवटी दोन आडव्या रेघा नि एक बाणाचं टोक. अहो, ती खूण होती! त्या दोन खुणांच्या मधलं पडद्यावर दाखवायचं नाही, पान दुरुस्त करणाऱ्यापुरतं ठेवायचं, अशी खूण! ताईने सुरुवातीचीच उडवली, आणि भाऊजींचं इतक्या वर्षांचं बोलणं चव्हाट्यावर!

तीनला वीस मिनिटं कमी. मी म्हटलं, "ताई, पुसून टाकू, एक मिनिटाचं काम." "हात लावलास तर बघ." "अगं, समिती वाचेल!" "वाचू दे." तिने चष्मा पुसला. परत वाचलं. परत पुसला. घड्याळात तीन वाजतायत, दुकान जायची वेळ आलीय, आणि ही मला विचारते, "सदरा कुठला रे? निळा, की रेघांचा?"

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मुख्याध्यापिका. "बाई, तुमचं पान बघितलं." ताई कशीबशी म्हणाली, "ते चुकून झालं हो..." "आमचे खजिनदार मोठ्याने वाचत होते. अर्ध्यात थांबले, म्हणाले घसा बसला. ते असो. मला एवढंच सांगा, अकरा वर्षांत एक टाका निघाला नाही, हे खरं?" आता रडवेली बाई एकदम ताठ! "निघेल कसा? दुहेरी टीप आहे!" "मग लहान वर्गांचे गणवेश तुम्ही शिवा. मोठ्या वर्गांचे दुसरीकडे देतोय. सगळे एकटीने घेतलेत तर आठ कसले, बारा वाजतील तुमचे! आणि ती वेळ सहाची करा."

भाऊजी साडेपाचला आले. हाताला ग्रीस. ताईने फोन समोर धरला. त्यांनी वाचलं. आधी कान लाल, मग मान लाल. मोरीत गेले आणि हात धूत राहिले, धूत राहिले... मला वाटलं पाणी संपेल! मग कॉम्प्युटरपुढे बसले. आठाचं सहा केलं. ताईने मान डोलावली! मग नेमक्या जागी कंस, उद्गारचिन्ह, दोन रेघा. पाठवलं. ताईने फोनवर पान पुन्हा उघडलं, तर तो मजकूर गेलेला! ताई ओरडलीच, "अहो! पुसलंत?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "झाकलं."

आणि खरंच होतं तिथे सगळं, मी फाईलमध्ये डोकावून बघितलं! जगात कुणीही ताईचं पान उघडो, त्या ओळी त्याच्या फोनपर्यंत जातात, त्याच्या हातात असतात, आणि त्याला पत्ता नसतो! नुसती अक्षरं हो!

आता ताई दर चार दिवसांनी पान उलटं करून बघते. मागच्या गुरुवारी नवी ओळ होती. "बारीक सुयांची डबी खिडकीत ठेवली आहे." ताईने तिच्याखाली लिहिलं, "मिळाली. दिवाही बदला." घरात दोघं चिडीचूप आणि तिकडे पानाच्या पोटात गप्पा!

पंचाईत झालीय माझी. आमच्या हिने हे सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही सकाळी उठल्यापासून बोलताय. त्यात असं एक वाक्य आजवर कसं नाही आलं?" गेलो, पान करायच्या वर्गात नाव घातलं. मास्तर म्हणाले, "खुणा सोप्या आहेत, आठवड्यात येतील. तिच्यासाठी काय लिहायचंय तेवढं आधी ठरवून या." खुणा आल्या हो. सगळ्या आल्या. उघडायची घातलीय, बंद करायचीही घातलीय... मधली जागा तेवढी रिकामी आहे!