वीस मेचा नारळ

पेणच्या स्टॅण्डवर रोह्याच्या गाडीची वाट बघत बायजा मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याचा पुतण्या केव्हाचे हुज्जत घालत होते.

"काका, फुकटचा महिना आज संपतो. बुकिंगचं ॲप ठेवायचं का काढायचं, ते सांगायचंय त्यांना."

"आधी मला सांग, त्याचा उपयोग काय झाला?"

"आपलं कार्यालय मोबाईलवर दिसतं. महिन्यात नऊ लग्नं मिळाली."

"आणि वीस मे?"

"तारीख मोकळी दिसली, पनवेलवाल्यांनी घेतली."

"मोकळी कशी? त्या तारखेचा नारळ आपल्या देवघरात हाय!"

"देवघरातला नारळ ॲपला कसा दिसणार? तुम्ही मला सांगितलंच नाय."

"तीस वर्षं नारळ ठेवला की तारीख पक्की. कुणाला सांगावं लागलं नाय."

"मग पनवेलवाल्यांना नाय म्हणूया?"

"त्यांच्या पत्रिका छापून झाल्या ना?"

"व्हय. नारळवाल्यांना कळवलंत?"

"फोन हातात घेतो नि खाली ठेवतो. धरमतरकडची माणसं. पोरीचा बाप मिठागरावर, म्हणून चुलता येऊन नारळ देऊन गेला. काय तोंडानं सांगू?"

बायजानं पिशवी पोटाशी ओढली.

"घाबरू नका, काका. त्यांनी अजून पत्रिका छापल्या नसतील."

तेवढ्यात गाडी लागली. म्हातारा उठला.

"ताई, रोह्याला ना? चला, जागा धरतो."

बायजा जागची हलली नाही. तिनं पिशवीतून पोरीच्या लग्नाची कुंकू लावलेली पत्रिका काढून त्याच्यापुढे धरली.

"दादा, पहिली देवाला ठेवली. ही दुसरी तुमचीच."