हवेची उशी

बसची वाट बघत नर्स डबा खात होती. शेजारी मायलेकींचं चाललं होतं.

"आई, त्या उशीतली हवा सोड ना. बॅगेत मावेल."

"थांब. तुझ्या प्रयोगशाळेत श्वासातल्या वायूचंच काहीतरी करता ना?"

"हो, कार्बन डायऑक्साइडचं इंधन. भुकटीवर धातूचा एकेक अणू सुटा बसवायचा आणि वर उजेड सोडायचा."

"मग या उशीतल्या हवेचं कर."

"एवढ्याशा हवेचं?"

"तुझे बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनीच तोंडाने फुगवली होती. रोज जराजरा बसत चाललीय. वाया जाण्यापेक्षा काहीतरी होऊन राहील."

नर्सचा घास हातातच राहिला.

"राहणार नाही गं, आई. इंधन शेवटी जळूनच जातं."

"मग नको."

बस लागली.

"दे, उशी मी धरते."

"नको. तुझी नखं वाढलीत."